बांगड्याच्या कापावरचा तेलाचा नकाशा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर उतरलेल्या ताज्या बांगड्याचा आडवा तुकडा पाडला, की तीन गोष्टी नुसत्या डोळ्यांना दिसतात. कातडीखाली मेदाचा पातळ थर, त्याला लागून बाजूच्या रेषेजवळ गडद लाल पट्टा, आणि उरलेलं फिकट मांस. माशात तेल किती, हे काढायची नेहमीची पद्धत म्हणजे हा तुकडा वाटायचा, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात त्यातलं तेल उतरवायचं आणि मोजायचं. आकडा चोख मिळतो. पण कोणतं तेल कोणत्या भागात होतं, हे वाटतानाच पुसलं जातं.

मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून काढलेलं चित्र, नेमकं तेच वाचवतं. तुकडा वाटायचा नाही. त्याचा केसापेक्षा कितीतरी पातळ काप घ्यायचा, तो काचपट्टीवर चिकटवायचा आणि त्याच्या प्रत्येक ठिपक्यात कोणते लिपिड आहेत ते जागच्या जागी वाचायचं. ‘तेल’ हा शब्द इथे तोकडा पडतो, म्हणून लिपिड म्हणू. साठवणीचं तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड. पेशींची आवरणं बनतात ती फॉस्फोलिपिडची. एकाच माशात या दोन्ही कुळांतले शेकडो वेगवेगळे रेणू असतात.

सर्वांत रुळलेली पद्धत माल्डी. कापावर मॅट्रिक्स नावाच्या रसायनाचा बारीक थर देतात. त्यावर अतिनील लेसरचा झोत पडतो, बहुतेक यंत्रांत ३५५ नॅनोमीटरचा. मॅट्रिक्स ती ऊर्जा शोषून उडतं आणि त्या ठिपक्यातले लिपिड रेणू आपल्याबरोबर वर नेतं. या उडण्यात रेणूंना विद्युतभार मिळतो. भार असलेला रेणू यंत्राला खेचता येतो आणि त्याचं वस्तुमान मोजता येतं. मग काचपट्टी काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकते आणि पुढचा ठिपका वाचला जातो. शेवटी हातात येतात हजारो वर्णपट, म्हणजे कोणत्या वस्तुमानाचे रेणू किती याचे आलेख, प्रत्येकाला आपला पत्ता. संगणकाला ‘७९८.५४ हे वस्तुमान कुठे किती ते रंगव’ असं सांगितलं की नकाशा तयार. मोठ्या रेणूंचं लेसरने सौम्यपणे आयनीकरण करण्याच्या कामासाठी कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. माल्डीने ऊतींची चित्रं काढण्याची वाट रिचर्ड कॅप्रिओली यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवली. द्रावकाचा फवारा वापरणारी डेसी आणि आयनांचा मारा करणारी सिम्स या पद्धतीही आहेत, पण पहिल्यांदा हात घालणाऱ्याने माल्डीपासूनच सुरुवात करावी.

ठिपका किती बारीक ठेवायचा, हा पहिला हिशेब. एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरचा काप ५० मायक्रॉनच्या ठिपक्यांनी वाचला, तर २०० गुणिले २००, म्हणजे ४० हजार ठिपके होतात. यंत्र सेकंदाला १० ठिपके वाचत असेल तर तासाभरात काम आटोपतं. ठिपका १० मायक्रॉनचा केला की आकडा १० लाखांवर जातो आणि तेच यंत्र अठ्ठावीस तास अडकून पडतं. शिवाय ठिपका लहान तसा त्यातला मालही कमी, म्हणजे दुबळे लिपिड दिसेनासे होतात. बांगड्याचा लाल पट्टा मिलिमीटरमध्ये मोजण्याइतका रुंद असतो. त्याच्यासाठी ५० मायक्रॉन पुरेसे आहेत. स्नायूंच्या पडद्यांतल्या मेदपेशी पाहायच्या असतील तर २० वर या. सगळा काप १० मायक्रॉनने वाचायचा हट्ट धरू नये.

यंत्राबद्दल एवढं पुरे. कारण नकाशा बिघडतो तो बहुतेक वेळा लेसर पडण्याच्या कितीतरी आधी. कोकणपट्टीवर त्याची मुख्य कारणं तीन: उशिरा गोठवलेला मासा, मीठ आणि दमट हवा.

जेटीपासून गोठण्यापर्यंत

मासा मेला तरी त्यातली विकरं कामं करतच राहतात. फॉस्फोलिपिडमधलं एक मेदाम्ल तोडून ती त्याचं लायसो-फॉस्फोलिपिड करतात. शिवाय लाल पट्ट्यात लोहयुक्त मायोग्लोबिन जास्त, आणि बांगड्याच्या लिपिडमध्ये अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्लंही भरपूर. त्यामुळे तिथे हवेतल्या प्राणवायूने खवटपणा लवकर सुरू होतो. बर्फात ठेवल्याने हे मंदावतं, थांबत नाही. म्हणून बाजारातून आणलेला मासा ‘ताजा’ धरून नकाशा काढला, तर तो जिवंत माशाचा नसून बर्फातल्या काही तासांचा नकाशा असतो. तेच पाहायचं असेल तर हरकत नाही. नसेल तर तुकडा होडीवर किंवा जेटीवरच गोठवायला हवा.

गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा ज्या कॅनमध्ये जपतात, त्यात तोच असतो. त्यामुळे पुरवठ्याची चौकशी पशुसंवर्धनवाल्यांकडे करायला हरकत नाही. मात्र तुकडा थेट नायट्रोजनमध्ये बुडवू नका. उणे १९६ अंशांच्या द्रवात बाहेरचा थर आधी आखडतो, आतला नंतर फुगतो, आणि तुकड्याला तडे जातात. ॲल्युमिनियमच्या फॉइलची छोटी होडी करा, त्यात साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा ठेवा आणि ती नायट्रोजनवर तरंगू द्या. खालून वर पांढरेपणा चढत जाताना दिसतो. दोन-तीन मिनिटांत तुकडा पूर्ण गोठतो. काचा बंद असलेल्या गाडीतून नायट्रोजनचा कॅन कधीही नेऊ नये. वाफ झालेला नायट्रोजन हवेतला प्राणवायू हटवतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते.

तुकडा पाडण्याआधी मासा समुद्राच्या पाण्याने खळबळून घेण्याची सवय इथे नडते. खारं पाणी म्हणजे सोडियम, आणि सोडियम नकाशात काय गोंधळ घालतं ते पुढे येईलच. खवले काढा, कोरड्या टिश्यू पेपरने टिपा, आणि कापा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेले नमुने लिपिडसाठी बाद. मेण भरण्याआधी अल्कोहोल आणि झायलीन वापरतात, त्यात बहुतेक लिपिड वाहून जातात.

यंत्र मोठ्या शहरात आणि मासा रत्नागिरीत, अशीच बहुतेकांची अवस्था. मधल्या प्रवासाला कोरडा बर्फ. थर्मोकोलच्या खोक्यातून तो दिवसाला साधारण अडीच ते पाच किलो उडून जातो. त्या हिशेबाने एक दिवसाचा जास्तीचा घाला आणि खोकं हवाबंद करू नका, नाहीतर वायूच्या दाबाने ते फुटेल. वाटेत एकदा जरी नमुना वितळून पुन्हा गोठला तर पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेरच्या सोडियममध्ये मिसळतं. मग पुढे नकाशात दिसणारे फरक माशाचे की प्रवासाचे, हे सांगता येत नाही.

काप

काप क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठलेला तुकडा कापणाऱ्या थंड यंत्रात घेतात, १० ते १२ मायक्रॉन जाडीचा. रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत तुकडा बसवायला जो ओसीटी नावाचा चिकट द्रव वापरतात, त्यात पॉलिथिलीन ग्लायकॉल असतं. ते कापावर पसरलं तर त्याच्याच शिखरांची लांबलचक माळ वर्णपटात उभी राहते आणि लिपिड दबतात. म्हणून तुकडा पाण्याच्या थेंबाने, फक्त बुडाशी, चकतीवर गोठवायचा. तुकडा फारच लिबलिबीत असेल तर २ टक्के कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये बसवा.

बांगड्याची खरी अडचण तापमानाची. फिकट मांस उणे १८ ते २० अंशांना छान कापलं जातं. कातडीखालचा मेद त्या तापमानाला मऊच असतो आणि पात्यावर फासला जातो. त्याला उणे २५ ते ३० हवं, पण तिथे फिकट मांस ठिसूळ होऊन तडकतं. एकाच कापात दोन्ही हवं असेल तर उणे २२-२३ पासून सुरुवात करा आणि पातं मेदाकडून मांसाकडे नव्हे, मांसाकडून मेदाकडे जाईल असा तुकडा फिरवून बसवा. नाहीतर पातं मेद ओढत नेऊन मांसावर सारवतं, आणि नकाशात मांसभर ट्रायग्लिसराइडचे पट्टे दिसतात. हे पट्टे सगळे पात्याच्याच दिशेला समांतर असतात, हीच त्यांची ओळख.

काचपट्टीला एका बाजूने वीजवाहक थर असतो, इंडियम टिन ऑक्साइडचा. काप त्याच बाजूवर हवा. कोणती बाजू ते डोळ्यांना कळत नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं काचेला लावा. आकडा दाखवेल ती बाजू वर. काप ब्रशने अलगद पट्टीवर सरकवायचा आणि पट्टीच्या पाठीला बोट टेकवून तो चिकटवायचा. बोट क्षणभरच. मेद असलेल्या कापाला जास्त ऊब लागली तर मेद वितळून कडेबाहेर पसरतो.

दव

आता या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा शत्रू. वाळवलेल्या पट्ट्या उणे ८० ला ठेवतात. तिथून पट्टी बाहेर काढून डबी लगेच उघडली की दोन-तीन सेकंदांत काच धुरकट होते. ते पाणी आहे. थेंबांबरोबर मीठ आणि लहान रेणू सरकतात, ऊतीची वीण ढिली पडते, आणि पुढे मॅट्रिक्सचा थर ठिकठिकाणी गोळा होतो. एकदा घडलं की ते काही केल्या दुरुस्त होत नाही.

हिशेब साधा आहे. पावसाळ्यात खोलीत २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंशांवर असतो. म्हणजे पट्टी जवळजवळ खोलीइतकी गरम होईपर्यंत तिच्यावर पाणी बसतच राहणार. तीच खोली एसी आणि डीह्युमिडिफायरने २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली, तर दवबिंदू १३ अंशांच्या आसपास येतो. एवढ्याने काम कितीतरी सोपं होतं. महागड्या यंत्राच्या आधी डीह्युमिडिफायर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खोली कितीही कोरडी असली तरी शिस्त तीच ठेवा. काप घेतल्यावर पट्टी निर्वात डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा काढून कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्यात, २० ते ३० मिनिटं. मग सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत, शक्य तर आत नायट्रोजन सोडून, म्हणजे दुहेरी बंध असलेले लिपिड प्राणवायूपासून वाचतील. वापराच्या दिवशी ती डबी न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. डबीला बाहेरून घाम येतो, तो पूर्ण आटला पाहिजे. मग पुन्हा दहा मिनिटं डेसिकेटर, आणि त्यानंतरच डबी सोडून पट्टी हातात घ्या. सिलिका जेल निळं किंवा नारिंगी आहे ना, रंग उडालेला नाही ना, हे जून-जुलैत रोज पाहावं लागतं.

मॅट्रिक्स

मॅट्रिक्स देण्याआधी पट्टीच्या कडांना व्हाइटनरचे तीन-चार ठिपके द्या आणि साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर पट्टी स्कॅन करा. पुढे मॅट्रिक्सखाली काप दिसत नाही. तेव्हा या ठिपक्यांवरूनच यंत्राला जागा दाखवायची असते.

यंत्र एका वेळी धनभाराचे किंवा ऋणभाराचे रेणू वाचतं. धनभाराच्या बाजूने फॉस्फॅटिडिलकोलीन हे फॉस्फोलिपिड, म्हणजे पीसी, पाहायचं असेल तर डायहायड्रॉक्सीबेन्झोइक आम्ल, म्हणजे डीएचबी, हा भरवशाचा पर्याय. ऋणभाराच्या बाजूने ९-अमिनोॲक्रिडीन. डायअमिनोनॅफ्थलीन दोन्हीकडे चालतं, पण ते घातक आहे. ते हातमोजे घालून आणि फ्यूम हुडमध्येच हाताळावं. लांबलेल्या वाचनात यंत्राच्या निर्वातात ते उडूनही जातं, मग नकाशाचा शेवटचा भाग विनाकारण फिका पडतो.

फवारणी यंत्रासाठी डीएचबीची सुरुवातीची कृती अशी: ७० टक्के मिथेनॉलमध्ये मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, ०.१ टक्का ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल, प्रवाह मिनिटाला ०.१ मिलिलिटर, नोझल ७५ अंश, वेग मिनिटाला १२०० मिलिमीटर, दोन ओळींत ३ मिलिमीटर अंतर, ८ फेऱ्या. कापावर किती मॅट्रिक्स बसलं ते काढायला तीव्रता, प्रवाह आणि फेऱ्या यांचा गुणाकार करा, आणि त्याला वेग गुणिले ओळींच्या अंतराने भागा. ३० गुणिले ०.१ गुणिले ८ म्हणजे २४, त्याला ३६०० ने भागलं की चौरस मिलिमीटरला ०.००६७ मिलिग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.६७. दुसऱ्या कुणाच्या कृतीशी आपली ताडून पाहायची असेल तर हाच आकडा ताडा, नुसत्या फेऱ्या मोजून काही कळत नाही.

फवारा पडल्यावर थेंब क्षणात सुकला पाहिजे. तो ओला राहिला तर लिपिड त्यात विरघळून शेजारच्या ठिपक्यात जातात. आर्द्रता वाढली की सुकायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरात जमलेली कृती जुलैत तशीच चालेल असं धरू नका. प्रवाह कमी करा किंवा दोन फेऱ्यांमध्ये अर्धा मिनिट थांबा. ज्यांना हे सांभाळणं शक्य नाही त्यांनी संप्लवन करावं. निर्वातात डीएचबी ११०-१२० अंशांना तापवून त्याची वाफ थंड पट्टीवर बसवायची. द्रावकच नाही, त्यामुळे पसरणं फार कमी, आणि स्फटिक अतिबारीक. पट्टी थंड असते, म्हणून बाहेर काढताना पुन्हा दवाचा धोका. आधी तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

लिपिड पसरले का, ते कसं ओळखायचं? वाचनाच्या चौकटीत कापाबाहेरची दोन-तीन मिलिमीटर रिकामी काचही घ्या. तिथे पीसी दिसायला नको. कडेबाहेर तेजोवलय दिसलं तर नकाशातल्या बाकीच्या कडांवरही विश्वास ठेवता येत नाही.

नकाशा वाचताना

पीसी ३४:१ या नावाचा अर्थ एवढाच: दोन मेदाम्लांत मिळून ३४ कार्बन आणि १ दुहेरी बंध. दुहेरी बंध कुठे आहे, कोणतं मेदाम्ल कोणत्या जागी आहे, हे साध्या वस्तुमानावरून कळत नाही, आणि तसं लिहूही नये.

हाच रेणू तीन वेषांत येतो. हायड्रोजन घेऊन ७६०.५८५ वर, सोडियम घेऊन ७८२.५६७ वर, पोटॅशियम घेऊन ७९८.५४१ वर. आता मिठाची करणी पाहा. पीसी ३६:४ हा पूर्ण वेगळा लिपिड हायड्रोजन घेऊन ७८२.५६९ वर येतो. दोघांत फरक ०.००२४. तो सोडवायला यंत्राची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची ताकद, सव्वातीन लाखांच्या आसपास हवी. रेणू किती वेळात पोचतो त्यावरून वस्तुमान काढणाऱ्या साध्या टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्राच्या ती आवाक्याबाहेर आहे. समुद्री माशात डीएचए नावाचं जे ओमेगा-३ मेदाम्ल सगळे शोधतात, ते बहुधा ज्यात सापडतं त्या पीसी ३८:६ चं तेच: ८०६.५६९, आणि शेजारी पीसी ३६:३ चा सोडियमवाला ८०६.५६७. कातडीजवळ समुद्राचं मीठ राहिलं तर तिथे सोडियमवाले वाढतात, आणि ‘डीएचए कातडीखाली जमतो’ असा खोटा निष्कर्ष हातात येतो.

तपास असा करा. शेजारचा दुसरा काप ५० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेटच्या थंडगार द्रावणात पाच-पाच सेकंद दोनदा बुडवा, वाळवा, पुन्हा वाचा. सोडियमवाला असेल तर खचतो, हायड्रोजनवाला टिकतो. त्यानंतर रेणू तोडून पाहा. हायड्रोजनवाल्या पीसीतून १८४.०७ चा ठळक तुकडा निघतो, सोडियमवाल्यातून मुख्यतः ५९.०७ वस्तुमानाचा ट्रायमिथाइल अमीन गळून पडतो. लायसो-पीसी १६:० चं ४९६.३४ हे शिखरही पाहून ठेवा. ते ताज्या नमुन्यात जोरात असेल तर गोठवायला उशीर झाला असण्याची शक्यता मोठी.

रंग जास्त म्हणजे लिपिड जास्त, असं सरसकट नसतं. भार पटकन घेणारा पीसी शेजाऱ्यांना दाबतो. लिलावात एकाचा आवाज चढला की बाकीच्यांच्या बोली ऐकूच येत नाहीत, तसं. ट्रायग्लिसराइडने भरलेल्या थरात पीसीचा रंग उतरला, तर तो खरोखर कमी आहे की दबला आहे, हे चित्रावरून ठरत नाही. मॅट्रिक्सआधी ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेला, म्हणून माशातल्यापेक्षा वेगळ्या वस्तुमानाला दिसणारा) प्रमाण लिपिड सगळ्या कापावर एकसारखा फवारावा आणि प्रत्येक ठिपक्यातला आकडा त्याच्या आकड्याने भागावा. प्रमाण लिपिडचाच नकाशा कुठे फिका पडतो ते पाहिलं की दबाव कुठे आहे ते उघड होतं.

वाचन संपलं की काप फेकायचा नाही. मॅट्रिक्स मिथेनॉलने धुऊन त्याच कापाला पेशी दाखवणारा हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग द्या आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र नकाशावर बसवा. लाल पट्ट्याची कड दोन्हींत जुळली पाहिजे.

शेवटचा मुद्दा संख्येचा. ४० हजार ठिपके असले तरी मासा एकच असेल तर नमुना एकच. ताज्या आणि दोन दिवस बर्फातल्या बांगड्यांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे वेगवेगळे पाच-सहा मासे तरी घ्या. लांबी जवळपास सारखी, एकाच फेरीत मिळालेले, आणि शेपटीपासून मोजून त्याच अंतरावरचा तुकडा. प्रत्येक काचपट्टीवर एक ताजा आणि एक बर्फातला असे काप शेजारी शेजारी लावा, आणि डावी-उजवी जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. ताजे सगळे एका पट्टीवर आणि शिळे सगळे दुसऱ्या पट्टीवर ठेवले, तर फरक माशांतला होता की त्या दोन दिवसांच्या फवारणीतला, हे नंतर कुठल्याही गणिताने वेगळं काढता येत नाही.